गर्दीनं ओळ झेलावी कशी? मैदानातल्या सामूहिक गाण्याचं गणित

शेरीतल्या गरब्यात एक बाई ओळ गवडावते, म्हणजे पुढून गाऊन देते, आणि फेर धरलेल्या बाकीच्या ती झीलतात, म्हणजे उचलून परत गातात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात आणि 'जी जी' करत ओळ उचलून धरतात. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाच्या कानांवरून हे दोन्ही शब्द गेलेले असतात, आणि काम दोन्हीकडे एकच असतं: पुढून आलेली ओळ वेळेवर झेलायची आणि सुरात परत करायची. रॉक कॉन्सर्टमध्ये गायक माइक गर्दीकडे वळवतो आणि हजारो गळे मुखडा उचलतात, तेव्हा याहून वेगळं काही घडत नाही. फक्त अंगणाच्या जागी मैदान असतं, आणि मैदानात ओळ पोचायलाच उशीर होतो.

गर्दी गायली नाही की बँड म्हणतो, पब्लिक थंड होतं. बहुतेक वेळा पब्लिक थंड नसतं. पट्टी उंच असते, आवाज गरजेपेक्षा मोठा असतो किंवा ओळ झेलायला जागाच ठेवलेली नसते.

आधी उशिराचा हिशेब करू. हवेत ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला साधारण ३३१ मीटर असतो आणि तापमान एक अंशानं वाढलं की तो सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. नवरात्रातल्या संध्याकाळी बडोद्यात ३० अंश धरले, तर वेग ३४९ मीटरच्या आसपास जातो. कॉलेजच्या मैदानावर दीड हजार माणसं आहेत आणि शेवटची रांग मंचापासून ४० मीटरवर आहे असं समजा. गायकाचा शब्द तिथं ११५ मिलिसेकंदांनी पोचतो. मागच्यांनी तो ऐकून लगेच म्हटला, तरी त्यांचा आवाज मंचाकडे परत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. म्हणजे गायकाला मागची रांग जवळजवळ पाव सेकंद उशिरा ऐकू येते. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रांची असेल, तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. त्यातली सव्वादोनशे गेली, म्हणजे मात्रेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला.

आता नवखा गायक काय करतो? गर्दीला 'सांभाळून' घ्यायला जातो. गर्दी मागे पडतेय असं वाटून तो स्वतः रेंगाळतो, त्याला ऐकून ड्रमर रेंगाळतो, ते ऐकून गर्दी आणखी मागे जाते, आणि दोन मुखड्यांत गाणं बसतं. म्हणून मंचावरचा नियम कडक आहे: गर्दीचा आवाज ऐकून आनंद घ्यावा, ठेका मात्र त्यावरून घेऊ नये. ठेका ड्रमरचा, आणि ड्रमरचा ठेका कानातल्या क्लिकचा, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीचा. मोठे बँड कानात मॉनिटर, म्हणजे छोटे स्पीकर, घालतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मोठ्या स्टेडियमवर हे अंतर आणखी मजेदार होतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, आणि अर्ध्या सेकंदात आवाज सुमारे १७५ मीटर जातो. म्हणजे १७५ मीटरवर बसलेला माणूस बरोबर एक मात्रा मागे टाळी वाजवत असतो. त्याच्या बाजूनं तो अगदी तालात असतो! जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे दोन कार्यक्रम झाले. अशा ठिकाणी वरच्या मजल्यावरून पाहिलं, तर हात एकदम वर जात नाहीत, मंचापासून मागे सरकत जाणारी लाट दिसते. ही लाट म्हणजे डोळ्यांना दिसणारा ध्वनीचा वेग. मोठ्या पडद्यावर ड्रमरचे हात मात्र जवळजवळ तत्काळ दिसतात, त्यामुळे पडद्याकडे बघून टाळी वाजवणारा आणि कानानं वाजवणारा शेजारी असूनही एकमेकांशी जुळत नाहीत. प्रेक्षक म्हणून मागे असाल तर टाळीसाठी कानावर विसंबा, पडद्यावर नको.

या उशिराचा सर्वांत हुशार वापर झाला तो एका स्टुडिओत. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डजवळच्या बिंग्ली हॉलमध्ये क्वीन या बँडच्या कार्यक्रमानंतर प्रेक्षक आपण होऊन एक वेगळंच गाणं गात राहिले. त्यावरून गिटारवादक ब्रायन मेनं ठरवलं, गर्दीला करता येईल असं गाणं लिहायचं. गच्च गर्दीत माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो, गाऊ शकतो. 'वी विल रॉक यू'चं 'धप धप टाळी' तिथून आलं. रेकॉर्डिंगला मोजकीच माणसं होती, पण ऐकताना वाटते ती प्रचंड गर्दी. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. त्यानं त्या आवाजांवर घुमारा घातला नाही. त्याच आवाजाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या उशिरानं परत वाजवल्या, जणू कोणी दहा मीटरवर पाय आपटतोय, कोणी तीस. हे उशीर एकमेकांच्या पटीत येऊ नयेत म्हणून त्यानं मूळ संख्यांची प्रमाणं घेतली, नाहीतर सगळं मिळून एकच सूर घुमल्यासारखा झाला असता. गर्दीचा आवाज गर्दीसारखा वाटतो तो माणसांच्या संख्येइतकाच त्यांच्या अंतरांमुळे.

मैदानावर साउंडवाला हेच गणित उलट्या बाजूनं सोडवतो. मंचापासून ६० मीटरवर स्पीकरचा दुसरा मनोरा उभा केला आणि त्याला तसाच सिग्नल दिला, तर मागच्यांना आधी मनोऱ्याचा आवाज आणि मग १७२ मिलिसेकंदांनी मंचाचा, असे प्रत्येक शब्दाचे दोन तुकडे ऐकू येतात. अशा गोंधळात कोणीही ओळ झेलू शकत नाही. म्हणून मनोऱ्याला तेवढा उशीर लावतात, वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घालतात. दोन सारखे आवाज थोड्या फरकानं आले तर कान पहिल्याची दिशा खरी धरतो, त्यामुळे आवाज मनोऱ्यातून येत असूनही गायक समोरच गातोय असं वाटतं. हा आकडा एकदा लावून विसरायचा नसतो. जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांवर आला की १०० मीटरसाठीचा उशीर ऑक्टोबरच्या मानानं सुमारे आठ मिलिसेकंदांनी वाढतो. दुपारच्या उन्हात साउंडचेक केला आणि कार्यक्रम रात्री नऊला, तर पुन्हा मोजायला हवं. आपल्याकडे ते क्वचितच मोजतात.

पट्टीचं काय?

बँड आपल्या गायकाची पट्टी धरतो आणि गर्दीची पट्टी कोणी विचारतच नाही. न शिकलेल्या मिश्र गर्दीला सोयीची चाल म्हणजे आठ-नऊ सुरांत मावणारी, पेटीवर पांढरी एकपासून (C) तार सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (D). बायका ती जिथं गातात त्याच्या एक सप्तक खाली पुरुष गातात, आणि ते आपोआप जुळतं. त्यावर काळी दोनपर्यंत एखादा सूर लागून गेला तर चालतं, तिथं थांबायची वेळ आली की पुरुषांचे गळे आवळतात. खाली पांढरी सहाच्या पलीकडे गेलं की बायकांचा आवाज हवेतच विरतो. चाल दीड सप्तकाची असेल, तर अर्धी माणसं मध्येच खालच्या सप्तकात उडी मारतात, आणि नेमका जिथं गाण्यानं उसळायचं तिथं गर्दीचा आवाज बसतो. मंचावरून ऐकणाऱ्याला वाटतं, लोकांना शब्द येत नाहीत. शब्द येत असतात, सूर पोचत नसतो.

इथं एक गंमत आहे. इंग्लंडच्या पब-क्लबांत लोक कोणत्या गाण्यांवर गायला लागतात, याचा ॲलिसन पॉली आणि डॅनिएल म्युलेनसिफेन यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष गायकानं छातीच्या आवाजात, उंच आणि ताकद लावून गायलेल्या गाण्यांवर लोक जास्त ओढले जातात असं दिसलं. म्हणजे ज्या आवाजानं तोंड उघडतं, तो आवाज लोकांना स्वतः काढता येत नाही. आमच्या मते तोडगा सोपा आहे: अंतरा गायकानं आपल्या उंचीवर गावा आणि गर्दीची ओळ मुद्दाम खाली ठेवावी. सबंध गाणं अर्ध्या किंवा एका सुरानं उतरवायलाही लाजू नये. गिटार अर्धा सूर उतरवून वाजवणारे नावाजलेले बँड पुष्कळ आहेत.

सूर निवडताना आपल्याला एक तयार शिदोरी आहे. भूप राग. सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत. या पाच सुरांत एकमेकांना खेटून बसलेले दोन सूर कुठेच नसल्यामुळे शेजारचा माणूस चुकून दुसऱ्या सुरावर गेला तरी कानाला बोचत नाही. अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिन यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड सायन्स फेस्टिव्हलमध्ये मंचावर नुसत्या उड्या मारून हे दाखवलं. एका जागी उडी म्हणजे एक सूर, शेजारच्या जागी दुसरा. दोन सूर कळल्यावर तिसऱ्या जागी उडी मारली तर प्रेक्षकांनी न सांगता पाचांतला पुढचा सूर लावला. रॉकची गिटार ज्या पाच सुरांवर जगते ते सा, कोमल ग, म, प, कोमल नि आहेत, म्हणजे आपला धानी राग. तेव्हा रॉकची ओळ आपल्या कानाला परकी असायचं कारण नाही.

शब्द कमी लागले तर उत्तम. द व्हाइट स्ट्राइप्स या बँडच्या २००३ सालच्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची सुरुवातीची धून सात सुरांची, एका सप्तकाच्या आत मावणारी आणि बिनशब्दांची. त्याच वर्षी बेल्जियममधल्या क्लब ब्रुग या फुटबॉल संघाचे पाठीराखे मिलानमध्ये सामन्याला गेले असता ती 'ओ ओ' करत गायले आणि तिथून ती जगभरच्या स्टेडियमांत पसरली. उलट जोडाक्षरांनी भरलेली ओळ हजार तोंडांतून येते तेव्हा प्रत्येकाचं व्यंजन थोडं पुढेमागे फुटतं आणि नुसती खसखस ऐकू येते. लांबवता येणारे आ, ओ, ए हे स्वर गर्दीचे मित्र. एक ओळ चार ते सहा सेकंदांची असावी आणि दोन ओळींमध्ये श्वासाला दोन मात्रा तरी मोकळ्या हव्यात. 'जय देव जय देव' इतकं पक्कं का बसतं, याचं उत्तर याच तपासणीत मिळतं: उघडे स्वर, छोटी ओळ, आणि प्रत्येक कडव्यानंतर हमखास परत येणारं ध्रुवपद.

ओळ द्यायची कशी

नवी ओळ शिकवायची असेल तर संथा द्यावी तशी द्या. गायकानं एकदा सावकाश, वाद्यं जवळजवळ बंद ठेवून म्हणायची. दुसऱ्यांदा गर्दीबरोबर म्हणायची. तिसऱ्यांदा तोंड बंद ठेवायचं. तीन फेऱ्यांत बसली नाही तर ओळ लांब आहे, अर्धी करा. चौथ्या फेरीला लोक मोबाइल काढतात. अमेरिकन लोकगायक पीट सीगर गर्दी गात असतानाच पुढच्या ओळीचे शब्द आधीच्या ओळीच्या शेवटाला भरभर बोलून टाकायचे, आणि सभागृहाला पूर्ण गाणं पाठ नसूनही गाता यायचं. शब्द सम येण्याआधी दीड-दोन मात्रा तरी कानावर पडायला हवा, मागे ४० मीटरवर असलेल्याला त्याहूनही थोडा आधी. 'जोरात! अजून जोरात! बडोदा, आवाज येत नाही!' हे मात्र सोडा. अशानं लोक ओरडतात, आणि ओरडणारा सूर सोडतो.

जुलै १९८५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरच्या लाइव्ह एड कार्यक्रमात क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीनं सत्तर हजारांच्या गर्दीबरोबर जे केलं ते नीट ऐका. एक छोटी बिनशब्दांची तान, थांबणं, गर्दीचं उत्तर पूर्ण संपू देणं, मग पुढची तान थोडी अवघड. वाद्यं नव्हती, त्यामुळे मागच्या रांगांचा उशीर कुठल्याच ठेक्यावर आदळत नव्हता. जिथं गर्दी खोल आहे तिथं असंच करावं: एकत्र गाण्यापेक्षा देणं-झेलणं, आणि मधे पोकळी.

टाळीबद्दल एक स्थानिक अडचण. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, स्नेअर ड्रम तिथं पडतो. हींच (गरब्याचा ताल), दादरा, केरव्यावर वाढलेला हात मात्र समेवर पडतो, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. त्यांना चूक ठरवण्यात अर्थ नाही. ड्रमरनं स्वतः हात डोक्यावर नेऊन दुसऱ्या-चौथ्यावर चार आवर्तनं टाळी दाखवावी. नाही जमलं तर पहिल्या-तिसऱ्यावर राहू द्यावं. आणि टाळी सुरू झाली की गर्दी हळूहळू लय चढवत नेते हे गृहीत धरून ड्रमरनं तिच्या मागे धावू नये.

गर्दी पेटते ती तुकड्यातुकड्यांनी. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, त्यामुळे दहा हजारांतही माणसाला खऱ्या अर्थानं ऐकू येतात ते दोन-तीन मीटरवरचे शेजारीच. ते गप्प असतील तर तोही गप्प. म्हणून गाणं येणारी तीस मित्रमंडळी असतील तर त्यांना पुढच्या रांगेत एकगठ्ठा उभं करणं वाया जातं. चार-चार, पाच-पाचाचे गट मैदानभर पसरवा, त्यातले दोन अगदी मागे. गणपतीच्या मांडवात आरती म्हणणारे कोपऱ्याकोपऱ्यात असतात म्हणूनच आरती सगळीकडून उठते.

मिक्सरवरचा हात

सामूहिक गाण्याचा खरा मालक मिक्सरवर बसलेला असतो. स्पीकर कानात १०० डेसिबल ओतत असतील तर गाणाऱ्याला स्वतःचा गळाच ऐकू येत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, फ्रेंच वैद्य लोंबार्ड यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलं. चढवलेल्या आवाजाला सुराचा अंदाज राहत नाही. म्हणून गर्दीच्या ओळीला साउंडवाल्यानं मुख्य स्पीकर सहा ते आठ डेसिबलनं खाली घ्यावेत. दहा डेसिबल कमी केले तर आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, तेवढं नको, नाहीतर लोकांना उघडं पडल्यासारखं वाटतं आणि ते कुजबुजतात. मोठ्या मैदानी गरब्यांत झीलणं विरत गेलं त्याचं खापर आम्ही मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या याच सरकपट्टीवर, फेडरवर, फोडू. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उत्तर कोण देणार? पाय तेवढे नाचतात.

वाद्यं पूर्ण बंद करायचा मोह सगळ्यांना होतो. ऐकायला सुंदरही लागतं. पण आधार सुटलेल्या गर्दीचा सूर बहुतेक वेळा उतरतो, आणि आठ ओळींनंतर गिटार मूळ पट्टीत घुसली की दात आंबल्यासारखं होतं. कीबोर्डवर षड्ज-पंचमाचा एक धरलेला सूर खाली ठेवा, तंबोऱ्यासारखा. तेही नको असेल तर परतताना आधी नुसते ड्रम, दोन आवर्तनांनी बास, मग गिटार. तेवढ्यात गर्दी आपण होऊन सुरावर येते.

आणि तो गर्दीकडे वळवलेला माइक? तो बहुतांशी अभिनय आहे. हातातला गायनाचा माइक तोंडापासून दोन-चार सेंटिमीटरवर काम करायला बनवलेला असतो. दहा मीटरवरची गर्दी त्यात फिकी येते, आणि साउंडवाल्यानं ती वाढवायला फेडर चढवला की स्पीकर शिट्टी मारतो. माइक घेऊन गायक मुख्य स्पीकरच्या पुढे चालत गेला तर हमखास. माइकची जाळी मुठीत झाकली तरी तेच होतं, कारण त्याचा मागून येणारा आवाज टाळण्याचा गुणच जातो. गर्दी खरोखर टिपायची असेल तर मंचाच्या दोन कडांना गर्दीकडे तोंड करून दोन वेगळे माइक लावतात, आणि ते स्पीकरकडे जात नाहीत. ते गायकाच्या कानात आणि रेकॉर्डिंगमध्ये जातात. गायकानं कानात मॉनिटर घातला असेल तर हे माइक लागतातच, नाहीतर समोर दहा हजार माणसं गात असून त्याला बंद खोलीत उभं असल्यासारखं वाटतं.

रेकॉर्डिंगवर हे आवाज बेसूर वाटत नाहीत, याचं कारण सरासरीत आहे. कोणी थोडा वर, कोणी थोडा खाली, चुका दोन्हीकडे सारख्या पसरतात आणि कानाला मधला सूर, जरा जाडसर, ऐकू येतो. म्हणून 'मला गाता येत नाही' म्हणणाऱ्यानं गर्दीत बिनधास्त गावं. एकत्र गाण्याचा शरीरावर होणारा परिणामही मोजलेला आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या २०१३ च्या अभ्यासात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके श्वासाबरोबर एकाच वेळी कमी-जास्त होताना दिसले. ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात, मग हृदयंही त्या मागोमाग.

कानांची काळजी मात्र ज्याची त्यानं घ्यायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या हिशेबानं १०० डेसिबलमध्ये दिवसाला पंधरा मिनिटंच सुरक्षित. फोमचे बोळे खिशात ठेवा. ते घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात स्पष्ट ऐकू येतो आणि सूर उलट चांगला लागतो, हा फायदा फारसा कोणी सांगत नाही.

राहता राहिला घड्याळाचा प्रश्न. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षात फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि गुजरातेत त्यावर पहिला हक्क नवरात्राचा. रॉक कार्यक्रमानं दहाच धरून चालावं. सगळ्यांना येणारं गाणं शेवटचं ठेवलं असेल तर ते नऊ चाळीसला सुरू करा. लंडनच्या हाइड पार्कमध्ये जुलै २०१२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी मंचावर असतानाच वेळ संपली म्हणून आवाज तोडला गेला होता, तेव्हा आपलं कोण ऐकणार. नऊ पंचावन्नला स्पीकर हळूहळू शून्यावर आणा, शेवटचं ध्रुवपद गर्दीच्या हाती द्या आणि मंचावरचे दिवे मालवा. लोक ते फाटकापर्यंत, पार्किंगपर्यंत गात जातात.